ला पाल्मा बेटावरचं काल्देरा दे ताबुरिएन्ते: आई-बाबांसोबत एका दिवसात काय झेपेल?

मृण्मयी_आर

मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावर जायचं ठरतंय. सोबत आई-बाबा, वय ६५ आणि ७०. दोघांना चालायची सवय आहे, सिंहगड पायथ्यापासून चढून जातात, पण बाबांचा एक गुडघा उतारावर कुरकुरतो. काल्देरा दे ताबुरिएन्ते या राष्ट्रीय उद्यानातलं पाइनचं जंगल बघायचंय आणि त्यासाठी एकच दिवस हाताशी आहे.

प्रश्न असे: १) लोस ब्रेसितोसवरून खाली उतरायची मोठी वाट घ्यावी, की ला कुम्ब्रेसिताची छोटी? २) ऑक्टोबरअखेर योग्य का? ३) परवानगी कशा-कशाची लागते? सोबत काय न्यावं तेही सांगा.

---

पायवाट

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दिवसभरात चालून परत यायचं असेल तर उद्यानात शिरायला परवाना नाही, तिकीटही नाही. आरक्षण दोन गोष्टींना लागतं. एक, ला कुम्ब्रेसिताच्या वाहनतळाला. तिथे मोजक्याच गाड्या मावतात, म्हणून दिवसाच्या गर्दीच्या तासांत उद्यानाच्या संकेतस्थळावरून आधी जागा धरावी लागते. नसेल तर खालीच अडवतात. दोन, आत तंबूत मुक्काम करायचा असेल तर. तो फक्त ताबुरिएन्ते नदीकाठच्या ठरलेल्या जागी करता येतो, इतरत्र कुठेही नाही.

कुम्ब्रेसिताला बस जात नाही. एल पासो गावाबाहेर उद्यानाचं माहिती केंद्र आहे, बेटाच्या पूर्वेच्या सांताक्रूझ ते पश्चिमेच्या लोस यानोस मार्गावरची बस तिथे थांबते. पण तिथून वर ७ किलोमीटरच्या आसपास डांबरी चढाचा रस्ता आहे. गाडीचं आरक्षण मिळालं नाही तर एल पासोहून टॅक्सी करा.

---

भूगर्भी

मोठ्या वाटेचा हिशोब देते, म्हणजे ठरवणं सोपं जाईल.

गाडी आंगुस्तियास दरीच्या तळाशी, लास इयेर्बितास इथे लावायची. उंची साधारण २०० मीटर. तिथून सामायिक टॅक्सी लोस ब्रेसितोसला नेतात, १,००० मीटरच्या थोडं वर. टॅक्सी सकाळच्याच, सहसा दुपारी १२ च्या आत. मग चालणं असं:

ब्रेसितोस ते ताबुरिएन्तेचा नदीकाठ: साडेपाच किलोमीटर, दोन तास. पूर्ण पाइनच्या सावलीतून, हलके चढउतार, ओढ्यांवर छोटे पूल. हा भाग सगळ्यात देखणा आणि सगळ्यात सोपा.

नदीकाठ ते दोस आग्वास: एल रेव्हेंतोनचा उतार. सुमारे ३०० मीटर खाली, दगडी पायऱ्या आणि सुटे धोंडे. गुडघ्यांची परीक्षा इथे होते.

दोस आग्वास ते वाहनतळ: दरीच्या पात्रातून. उतार कमी, पण सतत गोट्यांवरून चालणं आणि पुन्हा पुन्हा पाणी ओलांडणं. लोकांना कंटाळा येतो तो इथे आणि पाय मुरगळतात तेही इथेच.

एकूण १३ किलोमीटरच्या वर, न थांबता ५ तास. ज्येष्ठांबरोबर, जेवणासह ७ धरा.

---

रानवेडा

सिंहगड चढणाऱ्या माणसांना हे सहज झेपेल. सिंहगडाचा चढच ६०० मीटर आहे, शिवाय खडा. इथे तर बहुतेक उतारच. कुम्ब्रेसिताला जाऊन नुसतं कठड्यावरून बघून यायचं तर एवढ्या लांब जायचंच कशाला?

---

भूगर्भी

रानवेडा, "बहुतेक उतार" हीच अडचण आहे. ज्यांचा गुडघा उतारावर दुखतो त्यांना ८०० मीटर उतार हा ६०० मीटर चढापेक्षा जड जातो. आणि सिंहगडावर दमलात तर वरून गाडीने खाली येता येतं. इथे ब्रेसितोसला उतरल्यावर टॅक्सी निघून जाते. मधे ना रस्ता, ना टपरी. पाय मुरगळला तर ११२ ला फोन आणि बचावपथकाची वाट. दरीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते हेही धरा.

---

चिंचोका

कुम्ब्रेसिताला कमी लेखू नका. उंची १,२८७ मीटर, बरोबर काठावरच्या खिंडीत. तिथून लोमो दे लास चोसासचा फेरा आहे, जेमतेम ३ किलोमीटर, तासाभराचा, जवळजवळ सपाट. एका टोकाला चोसासचा सज्जा, परतताना रोकेसचा. दोन्हींवरून समोरची भिंत दिसते. सगळ्यात उंच टोक रोके दे लोस मुचाचोस, २,४२६ मीटर, तळ त्याच्यापासून दीड-दोन हजार मीटर खाली आणि भिंतींवर जिथे मुळं धरतील तिथे पाइन. आत उतरल्यावर या सगळ्या आकाराचा अंदाजच येत नाही, कारण तुम्ही झाडीत असता.

---

सरिताप्रवाह

प्रश्न दोनकडे कुणी बघितलं नाही आणि खरा प्रश्न तोच आहे. अंतर आणि गुडघे नंतर. आंगुस्तियास दरीत पाणी कधी येईल, यावर तुमचा दिवस ठरतो.

पूर्ण काल्देराचा आकार एका प्रचंड पातेल्यासारखा आणि त्याला पाणी जायला तोंड एकच, नैर्ऋत्येचं. म्हणजे ही दरी. भिंतींवर जोराचा पाऊस झाला की सगळं पाणी उभ्या कड्यांवरून घसरत याच अरुंद पात्रात येतं. माती कमी, खडक जास्त, जिरायला जागा नाही. वर ढग आणि खाली तुमच्या डोक्यावर ऊन, असं असतानाही लोंढा येऊ शकतो. बाजूच्या भिंती इतक्या उभ्या की ठिकठिकाणी वर पळायला वाट नसते. सांदण दरीत पावसाळ्यात का उतरत नाहीत हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

एरवी ओढा एवढासा दिसतो, कारण खालच्या बागांसाठी, मुख्यतः केळींसाठी, पाणी वरूनच पाटांनी काढून घेतलेलं असतं. कोरडं पात्र बघून निर्धास्त होऊ नका.

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा तिथला पावसाळा. म्हणून:

- आदल्या संध्याकाळी स्पेनच्या हवामान खात्याचा इशारा बघा. पिवळा इशारा जरी असला तरी दरीची वाट रद्द समजा.
- बेटाच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर कुठली वाट उघडी, कुठली बंद, हे रोज दिसतं. सकाळी निघायच्या आधी पुन्हा बघा.
- टॅक्सीवाल्याने "आज नको" म्हटलं तर वाद घालू नका.
- पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, की ओलांडायचा विचार सोडून ताबडतोब उंचावर जा आणि तिथेच थांबा.

---

रानवेडा

हे पटलं. पावसाची शंका असेल तर दरी नको, माझं मत मागे घेतो. पण आकाश स्वच्छ असेल तर?

---

सरिताप्रवाह

स्वच्छ असेल आणि आधीचे दोन-तीन दिवसही कोरडे असतील तर जरूर जावं. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी कड्यांवरून दगड सुटत राहतात.

---

कोकणकडा७७

हवामानाबद्दल अजून एक. सांताक्रूझला मुक्काम असेल तर खिडकीबाहेर बघून दिवस ठरवू नका. ईशान्येचे व्यापारी वारे पूर्वेच्या बाजूला ढग अडकवतात. मधल्या डोंगररांगेतल्या बोगद्यात ढगातून शिरता आणि पलीकडे एल पासोला लख्ख उन्हात बाहेर पडता, हे तिथलं रोजचं आहे. तेच ढग कधी कधी कुम्ब्रे नुएव्हाच्या धारेवरून पश्चिमेकडे ओसंडतात आणि खाली उतरता उतरता विरून जातात. कुम्ब्रेसिताचा वेबकॅमेरा किंवा माहिती केंद्रातल्या माणसाचा शब्द, दोन्ही जास्त भरवशाचे.

आणि बेटांची वेळ स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे असते. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं आणखी एक तास मागे जातात. त्यानंतर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि दरीतलं ऊन त्याच्या बरंच आधी जातं. मृण्मयी, तुझ्या तारखा नेमक्या याच आठवड्यातल्या आहेत, त्यामुळे टॅक्सीची वेळ धरताना हे बघ.

---

वनस्पतिवेल

जंगलाबद्दल अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितेय. हा पाइन म्हणजे कॅनरी पाइन. नैसर्गिकरीत्या फक्त या बेटांवर वाढतो. एक गळालेली काडी उचलून बघा (बघून परत ठेवा, उद्यानातून सुई, फळ, दगड काहीच बाहेर न्यायचं नाही). तळाशी तपकिरी खोळ आणि तिच्यातून निघालेल्या तीन सुया, वीत-दीड वीत लांब, लवचिक. ढगात उभं राहिलं की या सुयांवर धुक्याचे थेंब जमतात आणि टपटपतात. पाऊस नसतानाही झाडाखालची जमीन ओली आणि दोन पावलांवरची उघडी जमीन कोरडी, हा फरक हात लावून कळतो. बेटाच्या भूजलात या टपटपण्याचा वाटा आहे.

आपल्याकडच्या लोकांना या झाडात रस वाटावा असं आणखी एक कारण: याचा सगळ्यात जवळचा नातलग हिमालयातला चीड. कुमाऊं-गढवालमध्ये फिरलेल्यांना ओळख पटेल: तीनच सुया, तशाच लांब, तशीच खवल्यांची जाड साल. मधल्या सगळ्या प्रदेशातून हे कुळ नाहीसं झालं. भूमध्य समुद्राभोवती त्याचे जीवाश्म सापडतात. उरले ते दोन टोकांना दोन.

---

अवकाशवेध

वा! उत्तराखंडात चिडाच्या वाळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात आणि उन्हाळ्यातले वणवे त्यातूनच पसरतात. इथेही तसंच का?

---

वनस्पतिवेल

हो, वाळक्या सुया इथेही पेटतात. पण हे झाड आगीला तोंड द्यायला तयार झालेलं आहे. साल जाड, कित्येक सेंटिमीटर, आणि तिच्या आत सुप्त कळ्या. मुकुट जळून खोड कोळशासारखं काळं झालं तरी काही महिन्यांत त्याच काळ्या खोडातून हिरवे-निळसर कोंब फुटतात, थेट सालीतून, खालपासून वरपर्यंत. मोठ्या पाइनमध्ये हे दुर्मीळ आहे. २०२१ साली १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर याच बेटावर ताहोगाइते ज्वालामुखी चालू होता. त्याच्या वायूंनी आणि राखेने आसपासचे पाइन पिवळे-तपकिरी पडले, त्यातलेही बरेच पुन्हा फुटले.

---

रानवेडा

म्हणजे वणवा या जंगलाला चांगलाच म्हणायचा?

---

वनस्पतिवेल

नाही, अजिबात नाही. मोठं झाड वाचतं म्हणून जंगल वाचलं असं होत नाही. रोपं मरतात. दर फुटव्याला झाड आपला साठा खर्च करतं, लागोपाठ आगी लागल्या तर तो भरून निघत नाही. उभ्या उतारावर झुडपं आणि सुयांचा थर गेला की पहिल्याच पावसात माती वाहते. सरिताप्रवाह म्हणतात तो लोंढा मग आणखी गढूळ आणि जड होतो.

ऑगस्ट २०१६ मध्ये बेटाच्या दक्षिण भागात चार हजार हेक्टरांहून जास्त जंगल जळालं आणि एका वनरक्षकाचा जीव गेला. कारण काय, तर एका माणसाने वापरलेला टॉयलेट पेपर पेटवला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "कचरा टाकू नका, जाळून टाका" असा सल्ला ट्रेकिंगच्या जुन्या लोकांकडून अजून मिळतो. इथे काहीही पेटवायचं नाही. कागद झिपच्या पिशवीत घालून परत आणायचा. शौचालयं मुक्कामाच्या जागी आहेत, तिथवर दोन तासांचा हिशोब ठेवा.

---

भूगर्भी

पूर्णपणे सहमत. जुलै २०२३ मध्ये वायव्येकडे लागलेली आग उद्यानाच्या हद्दीपर्यंत आली होती. उन्हाळ्यात सहारावरून धुळीची गरम हवा येते, कालिमा म्हणतात तिला. त्या दिवसांत वाटा बंद करतात. तेव्हा चडफडू नये.

आग सोडली तर दुसरा त्रास चरणाऱ्यांचा. १९७० च्या दशकात शिकारीसाठी इथे बार्बरी मेंढ्या सोडल्या. बेटावर मुळात मोठा शाकाहारी प्राणी नव्हताच, त्यामुळे इथल्या वनस्पतींना काटे किंवा कडवटपणा असं संरक्षण फारसं नाही. आता कित्येक दुर्मीळ झाडं फक्त कड्यांवर, मेंढीचं तोंड पोचत नाही अशा जागी उरली आहेत. कुंपण घातलेले तुकडे दिसले तर ते याचसाठी, आत शिरू नका.

---

मुक्काम_पोस्ट

लाकडाबद्दल एक भर. जुन्या पाइनचा गाभा राळेने भरून तांबूस आणि जड होतो, त्याला तेआ म्हणतात. वाळवी लागत नाही, कुजत नाही. सांताक्रूझच्या समुद्राकडच्या रस्त्यावरचे लाकडी सज्जे, जुने द्राक्षांचे घाणे, छतं, सगळं यातलं. बेटाच्या वायव्येला अजून तेआच्या पिंपात मुरवलेली वाइन मिळते, राळेचा वास स्पष्ट येतो. आई-बाबांना नको असेल तर नुसता वास घ्यायला सांग.

---

चिंचोका

चालण्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचं राहिलं. वाळक्या सुयांचा थर. कातळावर किंवा पायरीवर दोन बोटं जाडीचा थर असेल आणि उतार असेल तर बूट सरळ सरकतो, तळवा कितीही खाचांचा असो. खालचा दगड दिसतच नाही. उपाय: टाच न रोवता पूर्ण पाऊल सपाट टेकवायचं, पावलं लहान आणि काठी आधी टोचून खालचं टणक लागतंय का बघायचं. काठ्या दोन असाव्यात, उतारावर थोड्या लांब करून. बाबांच्या गुडघ्यावरचा भार यानेच कमी होईल.

---

पायवाट

खुणाही सांगतो. पांढरा-पिवळा पट्टा म्हणजे छोटी वाट, पांढरा-लाल म्हणजे लांब पल्ल्याची, पांढरा-हिरवा म्हणजे अगदी स्थानिक. त्याच दोन रंगांची फुली दिसली की वाट चुकली, मागे फिरा. दरीच्या पात्रात खुणा पाण्याने पुसल्या जातात, तिथे कडेच्या पाट्या आणि दगडांच्या छोट्या रचना बघायच्या. काही टप्प्यांवर पात्र सोडून बाजूने वर जाणारी पर्यायी वाट आहे. पाणी घोट्याच्या वर असेल तर तीच घ्या.

---

निशिगंधा_लंडन

लंडनहून भारतीय पासपोर्टवर जायचं तर शेंगेन व्हिसा लागेलच ना? आणि तिथे पोचायचं कसं?

---

मुक्काम_पोस्ट

लागेल, कॅनरी बेटं स्पेनची आणि शेंगेनमध्येच. यूकेचा राहण्याचा परवाना इथे चालत नाही. पोचायला: माद्रिदहून किंवा उत्तर तेनेरिफेहून विमान, नाहीतर दक्षिण तेनेरिफेतल्या लोस क्रिस्तियानोसहून फेरी, अडीच-तीन तास. जर्मनी-इंग्लंडहून काही हंगामात थेट विमानंही असतात.

---

कोकणकडा७७

दोस आग्वासला पोचलात तर थोडं थांबा. दोन प्रवाह मिळतात: ताबुरिएन्तेचं पाणी स्वच्छ आणि आल्मेंद्रो आमार्गोचं लोहामुळे नारिंगी. त्याच्या थोडं अलीकडे बाजूच्या ओढ्यात रंगांचा धबधबा आहे. फोटोंत निसर्गनिर्मित वाटतो, पण मूळ भिंत पाणी अडवायला माणसाने बांधलेली. तिच्यावर लोहाचा गंज आणि शेवाळ साचून पिवळा-हिरवा-केशरी रंग आला. जाऊन यायला अर्ध्या-पाऊण तासाची जादा वाट धरा.

भूगर्भी, त्या उशीसारख्या खडकांबद्दल लिहा ना.

---

भूगर्भी

दरीच्या खालच्या भागात भिंतीत गोल, एकावर एक रचलेल्या उशांसारखे खडक दिसतात. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की असा गोठतो. म्हणजे हा समुद्रतळावरचा ज्वालामुखी, ३०-४० लाख वर्षांपूर्वीचा, नंतर वर उचलला गेलेला. आणि काल्देरा (म्हणजे ज्वालामुखीचं कढईसारखं विवर) नाव असलं तरी हे मोठं भगदाड स्फोटाने पडलेलं नाही. डोंगराची प्रचंड बाजू समुद्रात घसरली, उरलेलं पाण्याने कोरत नेलं. ती कोरणी अजून चालू आहे, म्हणून दगड पडतात.

---

मृण्मयी_आर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतेय: कुम्ब्रेसिताचं आरक्षण आत्ताच करून ठेवते, सकाळचं. चोसासचा फेरा तिघं मिळून करणार. हवा चांगली असेल तर दुपारी आई आणि मी ब्रेसितोसला जाऊन नदीकाठापर्यंत चालू आणि त्याच वाटेने परत येऊ, म्हणजे दरीत उतरायला नको. चालेल?

---

पायवाट

नाही, त्या दोन गोष्टी एका दिवसात बसत नाहीत. ब्रेसितोसच्या टॅक्सी सकाळच्या. परत ब्रेसितोसला आलात तर खाली न्यायला टॅक्सी उभी नसते, आधी ठरवून ठेवावी लागते. त्यामुळे एकच निवडा. तिघं एकत्र राहायचं असेल तर कुम्ब्रेसिता, आणि मग दुपारी गाडीने रोके दे लोस मुचाचोस. वर काठावरून त्याच पातेल्यात उलट बाजूने बघता येतं. तिथे पाइन संपून पिवळ्या फुलांची कोदेसोची झुडपं लागतात आणि दुर्बिणींचे पांढरे घुमट दिसतात. रस्ता वळणांचा आहे. एल पासोकडून गेलात तर दोन तास मोकळे ठेवा.

---

सरिताप्रवाह

+१. आणि हवा साथ देऊन बेत बदललाच, ब्रेसितोसला जायचं ठरलंच, तर सकाळी ८ च्या आसपास लास इयेर्बितासला पोचा. माणशी किमान २ लिटर पाणी, जेवण, उन्हाची टोपी, हलकं जाकीट, हेडटॉर्च. पाण्याला नदीकाठच्या मुक्कामाचा नळ आहे, ओढ्यातलं पाणी गाळून-उकळून नसेल तर पिऊ नका. सुटे युरो जवळ असू द्या.

---

वनस्पतिवेल

वाहनतळ पात्राला लागूनच आहे, हेही लक्षात असू द्या. पावसाची शक्यता असेल तर माणसांबरोबर गाडीही तिथे नको.

---

मृण्मयी_आर

कळलं. कुम्ब्रेसिता आणि रोके पक्कं. ब्रेसितोस आईबरोबर वेगळ्या दिवशी, आधीचे तीन दिवस कोरडे गेले तरच. बाबांना तोवर माहिती केंद्रात सोडते.

---

चिंचोका

बाबांना तिथे कंटाळा येणार नाही. केंद्राच्या बाहेर इथल्याच झाडांची नावांसकट बाग आहे. फक्त बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या.